दोन जवळच्या जातींच्या माश्यांमध्ये जीन्सची (जनुकांची) देवाणघेवाण झाली हे कळतं कसं?

पंचगंगा

निअँडरथलच्या धाग्यावर दोघातिघांनी लिहिलं होतं की दोन जातींचा डीएनए सारखा निघाला म्हणजे झालाच की संकर. तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं वाढत गेलं की सरळ वेगळा धागा काढतेय. डीएनए सारखा निघणं हा संकराचा पुरावा होत नाही, आणि ही गोष्ट सगळ्यात जास्त खोलात जाऊन कुणी तपासली असेल तर ती माश्यांवर काम करणाऱ्यांनी.

माश्या म्हणजे ड्रोसोफिला, पिकलेल्या केळ्यांवर घोंगावतात ती चिलटं. यांनाही फळमाशीच म्हणतात. आपल्याकडच्या नाहीत, अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या दोन जातींबद्दल लिहितेय. एक ड्रोसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा, दुसरी ड्रोसोफिला परसिमिलिस. पुढे नुसतं स्यूडो आणि परसि म्हणते, नाहीतर टाइप करताना हात दुखतील. स्यूडो वर कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियापासून खाली मेक्सिको-ग्वाटेमालापर्यंत पसरलेली आहे. परसि मात्र पॅसिफिकच्या बाजूच्या पट्ट्यातच, सिएरा नेवाडा वगैरे भागात, जरा उंचावर आणि थंडाव्यात जास्त. म्हणजे परसि जिथे आहे तिथे बहुतेक स्यूडो असतेच, पण स्यूडो आहे तिथे परसि असेलच असं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे याचाच उपयोग होणार आहे.

दोघी दिसायला इतक्या सारख्या की सुरुवातीला त्यांना एकाच जातीच्या 'रेस ए' आणि 'रेस बी' म्हणायचे. १९४४ साली थिओडोसियस डॉबझान्स्की आणि कार्ल एपलिंग यांनी रेस बी ला परसिमिलिस हे स्वतंत्र नाव दिलं. लॅबमध्ये एकत्र ठेवल्या तर संकर होतो. होणाऱ्या मुली सुपीक असतात, मुलगे वांझ. (हा हाल्डेनचा नियम, १९२२ चा. ज्याची दोन लिंगगुणसूत्रं वेगवेगळी असतात, तो नर असो वा मादी, तो संकरात आधी मार खातो. माश्यांत तो एक्सवायवाला नर. हे तेच हाल्डेन जे पुढे भारतात स्थायिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.)

प्रश्न असा की लॅबच्या बाटलीत होतं ते रानात होतं का? डॉबझान्स्की वर्षानुवर्षं योसेमिटीजवळच्या मादर नावाच्या ठिकाणी माश्या पकडायचे, आणि १९७३ साली त्यांनी याच प्रश्नाचं शीर्षक देऊन पेपर लिहिला. रानात पकडलेल्या हजारो माश्यांत एखादीच संकरित सापडते. पण एखादी सापडणं म्हणजे जीन्स पलीकडे गेले असं नाही, ती मादी पुढे कुणाशी जुगली, तिची पिल्लं जगली का, त्यांची पुढे जगली का, हे त्या एका माशीकडे बघून कसं कळणार? तिथून पुढे डीएनए लागतो. आणि डीएनए आला की कोडं आणखी अवघड होतं, सोपं होत नाही. बाकीचं प्रतिसादांत लिहिते.

खारूताई

वाचतेय. एक बेसिक शंका. दोन्हींचा डीएनए सारखा आणि दोन्ही एकाच जंगलात, तर मग संकरच झाला ना? दुसरं काय कारण असणार?

पंचगंगा

खारूताई, दुसरं कारण म्हणजे दोघींचा पूर्वज. दोन चुलत घरांत एकाच घडणीच्या पाटल्या निघाल्या तर त्या घरांत नंतर लेणदेण झाली असं नाही म्हणता येत, आजीच्या पेटीतून दोन्हीकडे वाटून आल्या असतील. स्यूडो आणि परसि वेगळ्या होऊन साधारण पाच ते दहा लाख वर्षं झाली असा अंदाज आहे. माशीच्या संख्या प्रचंड असतात, त्यामुळे पूर्वजात असलेली विविधता दोन्ही शाखांत लाखो वर्षं तशीच टिकून राहू शकते. एखाद्या जागी पूर्वजात डीएनएची 'ए' आणि 'जी' अशी दोन्ही अक्षरं होती, आज स्यूडोतही दोन्ही आहेत आणि परसितही. देवाणघेवाण शून्य झाली तरी असं दिसेल.

म्हणून तपासणीचा खरा प्रश्न "सारखेपणा किती" असा नसतो. "पूर्वजाकडून आला असता त्यापेक्षा जास्त सारखेपणा आहे का" असा असतो. आणि त्यासाठी तुलनेला अशी एक वस्ती लागते जिला संकर करायची संधीच मिळाली नाही.

इथे नशिबाने तशी वस्ती आहे. कोलंबियात बोगोटाच्या आसपास स्यूडोचीच एक उपजाती राहते, बोगोटाना. तिच्या जातीच्या बाकीच्या माश्यांपासून साधारण दोन हजार किलोमीटर लांब, आणि तिथे परसि नाही. आता बघा, परसिपासून अमेरिकन स्यूडो आणि बोगोटाना यांचं नातं सारख्याच अंतराचं. देवाणघेवाण झाली नसेल तर दोघींचं परसिशी असलेलं साम्य सारखंच निघायला हवं. अमेरिकन स्यूडोचं साम्य जास्त निघालं तर ते जास्तीचं साम्य नंतर आलंय. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते, की प्रश्न कॅलिफोर्नियातल्या माश्यांचा आणि उत्तर द्यायला माशी लागते अँडीजमधली.

सह्यकडा

छान लिहिताय ताई. मायटोकॉन्ड्रियाचं पण काहीतरी वाचलं होतं ह्याच माश्यांबद्दल, ते खरं आहे का की मायटोकॉन्ड्रिया पलीकडे गेला आणि बाकी काही गेलं नाही? हे पटत नाही मला. एक गेलं तर दुसरं पण जायला पाहिजे.

पंचगंगा

सह्यकडा, खरं आहे. (मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग, त्याचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो.) १९८३ साली जेफ्री पॉवेल यांनी दाखवलं की दोन्ही जाती एकत्र राहतात तिथल्या माश्यांचे मायटोकॉन्ड्रियाचे नमुने जातीजातीत वेगळे काढताच येत नाहीत. पेशीकेंद्रातल्या डीएनएत मात्र तेव्हा हाती असलेल्या पद्धतींनी तसं काही दिसत नव्हतं.

कारण समजायला अवघड नाही. परसि आई आणि स्यूडो बाप यांची मुलगी घ्या. तिचा मायटोकॉन्ड्रिया परसिचा, कारण तो आईकडूनच येतो. केंद्रातला डीएनए निम्मा परसिचा. ती सुपीक आहे, तिने स्यूडो नराशी जुगायचं. पुढच्या पिढीत परसिचा वाटा २५ टक्के, मग १२.५, असं करत दहाव्या पिढीत ०.१ टक्क्याच्याही खाली. मायटोकॉन्ड्रिया मात्र मुलीकडून मुलीकडे आख्खाच्या आख्खा. दहाव्या पिढीतली माशी बघितली तर ती शंभर टक्के स्यूडो दिसणार, वागणार, फक्त मायटोकॉन्ड्रिया परका. त्यात मुलगे वांझ आणि मुली सुपीक हा नियम असल्यामुळे आईच्या बाजूने जाणारी वाट उघडी राहते आणि वाय गुणसूत्राची वाट बंद होते.

शिवाय केंद्रातल्या डीएनएचे काही तुकडे परक्या घरात नुकसान करतात, त्यांना नैसर्गिक निवड लगेच बाहेर काढते. प्रत्येक जनुकाचं नशीब वेगळं. म्हणून "या दोन जातींत देवाणघेवाण होते का" हा प्रश्नच अर्धवट आहे, जीनोमच्या, म्हणजे सगळ्या डीएनएच्या, कुठल्या भागात होते असं विचारायला पाहिजे.

गुणसूत्र_वेडी

पंचगंगा मॅडम, मी एमएस्सी झूलॉजी दुसऱ्या वर्षाला आहे, आम्हाला ह्याच दोन जातींचं इन्व्हर्जन प्रकरण सिलॅबसला आहे पण सरांनी एका लेक्चरमध्ये उरकलं. "इन्व्हर्टेड रीजन्समध्ये डायव्हर्जन्स जास्त" (गुणसूत्राच्या उलट्या तुकड्यांत दोन जातींतला फरक जास्त) एवढं पाठ केलंय, का जास्त ते नीट कळलं नाही. सांगाल का?

पंचगंगा

सांगते की. तू लाळग्रंथींचं स्क्वॅश केलंयस ना प्रॅक्टिकलला? बाकीच्यांसाठी लिहिते. बाटलीच्या काचेवर चढायला लागलेली जाडजूड तिसऱ्या टप्प्यातली अळी घ्यायची, स्लाइडवर सलाइनच्या थेंबात ठेवायची, एका सुईने शेपूट दाबून धरायचं आणि दुसऱ्या सुईने तोंडाकडचा काळा आकडा धरून हळू ओढायचं. आतडं, चरबी वगैरेबरोबर दोन काचेसारख्या पारदर्शक पिशव्या बाहेर येतात, त्या लाळग्रंथी. चरबी साफ करून ॲसिटो-ऑर्सिन या रंगात ठेवायच्या, वर कव्हरस्लिप, टिपकागद, आणि अंगठ्याने सरळ खाली दाब. अंगठा जरा सरकला की गुणसूत्रं गुंडाळली जातात आणि सगळी मेहनत वाया. नीट जमलं तर मायक्रोस्कोपखाली जाडजूड, आडव्या काळ्या पट्ट्यांची गुणसूत्रं पसरलेली दिसतात.

आता स्यूडो-परसि संकराच्या अळीत बघितलं तर काही ठिकाणी गुणसूत्र सरळ न जाता गोल फास घेतं. कारण आईकडून आलेल्या गुणसूत्रात त्या तुकड्यातल्या पट्ट्या एका क्रमाने आहेत आणि बापाकडून आलेल्यात त्याच पट्ट्या उलट्या क्रमाने, जोडी जुळवायची तर वळसा घ्यावाच लागतो. तो उलटा तुकडा म्हणजे इन्व्हर्जन. या दोन जातींत दुसऱ्या गुणसूत्रावर आणि एक्सच्या डाव्या भुजेवर असा पक्का फरक आहे. एक्सची उजवी भुजा आणि तिसरं गुणसूत्र यांच्या भानगडी जास्त आहेत, त्यात शिरत नाही. चौथ्यावर क्रम सारखाच आहे.

फास असलेल्या भागात क्रॉसिंग ओव्हर (जोडीतल्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल करणं) झालं तर तुटकी किंवा दोन सेंट्रोमिअरची (पेशी विभागताना गुणसूत्र जिथे धरून ओढलं जातं ती जागा) गुणसूत्रं होतात आणि ती पुढच्या पिढीत पोचत नाहीत. म्हणजे उलटा तुकडा पिढ्यानपिढ्या अखंडच जातो, त्याची मिसळण होत नाही. आता त्या तुकड्यात कुठेतरी नराला वांझ करणारं एक जनुक असेल तर त्याच्या शेजारचे दोनतीनशे निरुपद्रवी जीन्सही त्याच्याबरोबर बाद होणार, त्यांना सुटून पलीकडे जायला वावच नाही. सरळ क्रमाच्या भागात मात्र चांगले तुकडे क्रॉसिंग ओव्हरने सुटे होऊन पलीकडे जाऊ शकतात.

मोहम्मद नूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवलं की या दोन जातींच्या संकरात वांझपणाचे आणि जोडीदार निवडीचे मुख्य घटक याच उलट्या भागांत बसलेत. त्यावरून अंदाज असा की सरळ भाग एकमेकांसारखे राहतील आणि उलटे भाग दुरावतील. २००७ आणि २००९ च्या कामांत, २००९ ला तर पूर्ण जीनोमभर डीएनएची अक्षरं वरवर, थोड्याच वेळा वाचून, बऱ्यापैकी तसंच दिसलं. तुझ्या सिलॅबसमधलं वाक्य तिथून आलंय. पण गोष्ट तिथे संपत नाही, सिलॅबस तिथे संपतो.

माणदेशी

संपत नाही म्हणजे? आता उत्सुकता लावून पळू नका.

पंचगंगा

नाही हो पळत, पेपर तपासायचे होते.

आठवा, सारखेपणाचं दुसरं कारण पूर्वज असू शकतो असं वर लिहिलं होतं. तसंच वेगळेपणाचंही दुसरं कारण पूर्वज असू शकतो. समजा दोन जाती वेगळ्या व्हायच्या कितीतरी आधी, पूर्वजाच्या वस्तीतच हे गुणसूत्र सरळ आणि उलटं अशा दोन्ही रूपांत फिरत होतं. या माश्यांत हे अजिबात अशक्य नाही, स्यूडोच्या तिसऱ्या गुणसूत्राची आज एकाच जातीत कितीतरी रूपं आहेत, डॉबझान्स्कींनी आयुष्य घालवलं त्यांच्यावर. मग ती दोन रूपं पूर्वजातच एकमेकांपासून दुरावत गेली, आणि जाती वेगळ्या झाल्या तेव्हा एक रूप इकडे पक्कं झालं, दुसरं तिकडे. उलट्या भागातला वेगळेपणा जास्त दिसेल, आणि तो जाती फुटल्यानंतर एक कण देवाणघेवाण न होताही दिसेल.

२०१८ साली झॅकरी फुलर, नितीन फडणीस, स्टीफन शेफर वगैरेंनी नेमकं हेच मांडलं. (फडणीस यांनी त्याआधी २००९ साली एच. ॲलन ऑर यांच्याबरोबर 'ओव्हरड्राइव्ह' नावाचं जनुक शोधलं होतं, बोगोटाना आणि अमेरिकन स्यूडोच्या संकरात मुलग्यांना वांझ करणारं. जमलं तर त्याबद्दल वाचा, वांझपणा आणि लिंगगुणोत्तर बिघडणं दोन्ही त्या एका जनुकापायी.)

मग परत बोगोटानाकडे जायचं. उलटे भाग जास्त वेगळे दिसतात ते सरळ भागांत देवाणघेवाण झाली म्हणून, असं असेल तर परसिची तुलना बोगोटानाशी केल्यावर तो फरक दिसायला नको, कारण तिथे देवाणघेवाणीचा प्रश्नच नाही. कॅथरीन कोरुनेस, कार्लोस मचाडो आणि नूर यांनी २०२१ साली जीनोमभर ही तुलना केली. बोगोटानाशी तुलना केली तरी उलटे भाग जास्त वेगळे निघाले. म्हणजे त्या फरकाचा मोठा हिस्सा जुना आहे, जाती फुटायच्या आधीचा. आणि त्याच कामात अमेरिकन स्यूडो आणि परसि यांच्यात नंतरही जीन्स गेल्याच्या खुणा मिळाल्या. दोन्ही खरं. जुना फरकही आहे आणि नंतरची देवाणघेवाणही.

यात मला सगळ्यात जास्त आदर कशाचा वाटतो तर २००१ ची कल्पना ज्यांनी मांडली त्यांचंच नाव २०२१ च्या पेपरवर आहे, स्वतःच्या जुन्या निष्कर्षाला कात्री लावणाऱ्या पेपरवर. असं काम करणारी माणसं मुलांना दाखवली पाहिजेत वर्गात.

माणदेशी

म्हणजे वीस वर्षांचं काम पाण्यात गेलं का?

पंचगंगा

अजिबात नाही. वांझपणाचे घटक उलट्या भागांत आहेत हे तसंच उभं आहे. उलटे तुकडे अखंड राहतात हेही तसंच. बदललं ते एवढंच की "फरक जास्त" या एका आकड्यावरून "देवाणघेवाण झाली" असा निष्कर्ष काढता येत नाही, त्याला वेगळी चाचणी लागते.

तळटीप

ती चाचणी म्हणजे अब्बा-बाबा ना? निअँडरथलला २०१० मध्ये वापरलेली. मी आयटीवाला आहे, बायो दहावीनंतर सोडलं, पण आकडेमोड असेल तर आवडेल.

पंचगंगा

हो तीच. चार जणी ओळीत उभ्या करायच्या: बोगोटाना, अमेरिकन स्यूडो, परसि आणि शेवटी एक लांबची नातेवाईक, उदाहरणार्थ ड्रोसोफिला मिरांडा. मिरांडाकडे जे अक्षर असेल त्याला जुनं मानून 'अ' म्हणायचं, बदललेल्याला 'ब'. आता जीनोममधल्या फक्त अशा जागा घ्यायच्या जिथे परसिकडे 'ब' आहे आणि दोन स्यूडोंपैकी एकीकडेच 'ब' आहे. क्रम 'अबबअ' आला तर नवं अक्षर अमेरिकन स्यूडो आणि परसिकडे. 'बअबअ' आला तर बोगोटाना आणि परसिकडे. निव्वळ पूर्वजाच्या वाटणीतून आले असतील तर दोन्ही नमुने सारख्याच संख्येने यायला हवेत, नाणं उडवल्यासारखं. समजा ६०० जागा अबबअ आणि ४०० जागा बअबअ मिळाल्या, तर फरक २०० भागिले बेरीज १०००, म्हणजे ०.२. या आकड्याला डी म्हणतात. शून्यापासून तो खरोखर लांब आहे का हे बघायला जीनोमचे मोठेमोठे तुकडे एकेक करून वगळून पुन्हापुन्हा गणित करतात, कारण शेजारशेजारच्या जागा एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. (आकडे समजावण्यापुरते घेतलेत.)

याच्याही मर्यादा आहेत. डी जास्त आला म्हणून कोणी कोणाला दिलं ते कळत नाही. केव्हा दिलं तेही नाही. आणि पूर्वजाची वस्ती एकजीव नसेल, तिच्यात आधीपासून गट असतील, तर देवाणघेवाणीशिवायही डी शून्यापासून ढळू शकतो. म्हणून एकट्या डीवर कोणी थांबत नाही, परक्या तुकड्यांची लांबीही बघतात. नुकताच आलेला तुकडा लांब असतो, जसजशा पिढ्या जातात तसतसा क्रॉसिंग ओव्हरने कापला जाऊन आखूड होतो.

तळटीप

हे मस्त आहे. दोन काउंटची तुलना, एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर असेल.

खारूताई

अजून कुठल्या माश्यांत सापडलंय असं? की हीच एक जोडी?

पंचगंगा

खूप. २०२२ साली १५५ ड्रोसोफिला जीनोम घेऊन केलेलं काम आलं, त्यात या कुळाच्या झाडावर ठिकठिकाणी जुन्या देवाणघेवाणीच्या खुणा मिळाल्या. पश्चिम आफ्रिकेजवळच्या साओ तोमे बेटावर डोंगराच्या वरच्या अंगाला सँटोमिया आणि खालच्या अंगाला याकुबा राहते, मधल्या पट्ट्यात दोघींचे संकर नियमित सापडतात, तरी केंद्रातल्या डीएनएत परकं फार थोडं टिकलेलं दिसतं.

आणि सेशेल्स बेटांवरची सेशेलिया, ती नोनीच्या फळावर वाढते. नोनी आपल्या किनाऱ्यालाही येते, तिचा रस बाजारात मिळतो. त्या फळातली आम्लं बाकीच्या चिलटांना मारतात, सेशेलियाला चालतात. तिची जवळची बहीण सिम्युलन्स जगभर पसरलेली. २०१८ साली संगणकाला शिकवून केलेल्या तपासणीत सिम्युलन्सकडून सेशेलियात गेलेले तुकडे सापडले, उलट दिशेने फारच कमी.

भारतात या अंगाने म्हैसूर विद्यापीठात मोठं काम झालंय, नासुटा आणि अल्बोमिकन्स या जोडीवर. एकीची गुणसूत्रं ८, दुसरीची ६, तरी संकर सुपीक. त्या संकरांच्या पिढ्यानपिढ्या लॅबमध्ये वाढवून नव्या गुणसूत्र-रचनेच्या स्थिर वाणांपर्यंत पोचले ते लोक.

देवगडकर

नमस्कार. मी बागायतदार. तुम्ही फळमाशी म्हणून जी लिहिताय ती आणि आमच्या आंब्यातली फळमाशी एकच का? आमची तर चांगली मोठी असते, पिवळ्या पट्ट्यांची, गांधीलमाशीसारखी दिसते. आणि हे जीन्स वगैरे तपासून आमच्यासारख्यांना काय फायदा, हे पण सांगा. टीका म्हणून विचारत नाही, खरंच जाणून घ्यायचंय.

पंचगंगा

देवगडकर काका, नमस्कार. नाही, दोन्ही वेगळ्या कुळातल्या. ड्रोसोफिला बहुतेक करून सडायला लागलेल्या फळावर येते, नुकसान असं फारसं नाही. तुमची ती बॅक्ट्रोसेरा, ती पिकायला आलेल्या चांगल्या फळात सुई टोचल्यासारखी अंडी घालते आणि आत अळ्या होतात. आंब्यात मुख्य बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, बरोबर झोनाटा आणि करेक्टा पण असतात.

आणि फायदा विचारलात तर तिथे हाच प्रश्न पैशाचा होतो. डॉर्सालिसच्या आसपास दिसायला सारख्या अशा कितीतरी जाती पुस्तकात वेगळ्या नावांनी होत्या. आग्नेय आशियातली पपाये, फिलिपिन्समधली फिलिपिनेन्सिस, आणि आफ्रिकेत २००३ साली सापडून २००५ साली नाव मिळालेली इन्व्हाडेन्स. नाव वेगळं म्हटलं की क्वारंटाइनच्या याद्या वेगळ्या, निर्यातीच्या अटी वेगळ्या. बऱ्याच देशांच्या लोकांनी मिळून अंगकाठी, जुगण्याची पसंती, संकरांची सुपीकता, जनुकं, वास, सगळं तपासलं आणि २०१५ साली या तिन्ही डॉर्सालिसच आहेत असं ठरवलं. कॅराम्बोले मात्र वेगळी ठेवली, जरी तिचा आणि डॉर्सालिसचा संकर होतो. म्हणजे जिथे जीन्स मोकळे फिरतात तिथे एक जात, आणि जिथे अधूनमधून थोडे ओलांडतात पण दोन्ही बाजू आपापल्या टिकून राहतात तिथे दोन.

वांझ नर सोडून माशी आटोक्यात आणण्याची पद्धत आहे, तिथेही हे लागतं. सोडलेल्या नराला रानातली मादी आपला मानेल का, हे जात एक की दोन यावर अवलंबून.

देवगडकर

समजलं. २०१४ ला युरोपने बंदी घातली तेव्हा आमचा माल पडून राहिला होता, २०१५ ला उठली, पण ते वर्ष विसरत नाही कोणी इथे. तेव्हापासून सापळे सगळे लावतात, दापोली विद्यापीठाचा रक्षक सापळा आहे माझ्याकडे बऱ्याच झाडांना. रोज मुठीने माश्या मरून पडलेल्या असतात त्यात. कोणाला अभ्यासाला पाहिजे असतील तर देईन.

गुणसूत्र_वेडी

काका, मला पाहिजेत! माझं डिझर्टेशन आंब्यावरच्या बॅक्ट्रोसेरावरच घ्यायचं चाललंय. गाइड म्हणतात सीओआय बारकोड (एका ठरलेल्या जनुकावरून जात ओळखायची पद्धत) कर, बास झालं. डॉर्सालिस आणि झोनाटा यांच्यात जीन फ्लो (जीन्सची देवाणघेवाण) आहे का ते त्यातून निघेल असं म्हणतात. मॅडम, वरचं वाचून मला आता शंका येतेय.

पंचगंगा

शंका बरोबर आहे. सीओआय मायटोकॉन्ड्रियावरचं जनुक, आणि मायटोकॉन्ड्रिया आख्खा मिळून एकच साक्षीदार. वर पॉवेलच्या कामात बघितलंस ना, तो पलीकडे जातो आणि केंद्र जागेवर राहतं. वोल्बाकियासारखा आईकडून जाणारा जीवाणू शिरला तर त्याच्याबरोबरही एखादा मायटोकॉन्ड्रिया आख्ख्या वस्तीत पसरतो. सीओआयने जात ओळखायला सुरुवात कर, ती गोष्ट त्याने बऱ्यापैकी होते. जीन फ्लोवर बोलायचं असेल तर केंद्रातल्या, वेगवेगळ्या गुणसूत्रांवरच्या अनेक जागा पाहिजेत. कॉलेजच्या खर्चात जीनोम बसणार नाही, पण मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे) बसतील, डॉर्सालिससाठी त्यांचे प्रायमर (हवा तो तुकडा वाढवायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) प्रसिद्ध झालेले आहेत. झोनाटावर ते चालतात का हे आधी थोड्या नमुन्यांवर बघून घे.

आणि शीर्षकात जीन फ्लो लिहायच्या आधी तुझी बोगोटाना कोण ते ठरव. म्हणजे जिथे दोनपैकी एकच जात आहे अशी वस्ती. ती नसेल तर साम्य मिळेल पण त्याचा अर्थ लावता येणार नाही. गाइडना हे असंच सांग, नीट शब्दांत, ते ऐकतील.

आता नमुने. मिथाइल युजेनॉलच्या (नरांना ओढणारं रसायन) सापळ्यात फक्त नर येतात, हे लक्षात असू दे. माद्या पाहिजेत तर पडलेली, अळी लागलेली फळं गोळा करून बादलीत ओलसर वाळूवर ठेव, तोंडाला बारीक जाळी बांध. अळ्या वाळूत उतरून कोष करतात. माशी बाहेर आली की लगेच मारू नकोस, साखर-पाणी देऊन काही दिवस जगू दे, अंगावरचे रंग आणि पट्टे नीट उमटल्याशिवाय जात ओळखताना फसगत होते. आणि कुठली माशी कुठल्या फळातून आली ते लिहून ठेव, एकाच फळातली दहा भावंडं म्हणजे दहा स्वतंत्र नमुने होत नाहीत.

देवगडकर

सापळ्यातल्या माश्या मी आठवड्याने काढतो, चालेल का पोरी?

गुणसूत्र_वेडी

काका आठवड्याने नको, मे महिन्याच्या उन्हात डीएनए तुटून जाईल. मॅडम बरोबर ना?

पंचगंगा

बरोबर. काका, जमलं तर एकाआड एक दिवस काढा, आणि काढल्या काढल्या अल्कोहोलमध्ये टाका. ९५ टक्के इथेनॉल पाहिजे, ते गुणसूत्र_वेडी कॉलेजातून आणून देईल. पॉलिशवाल्याकडचं स्पिरिट वापरू नका. माश्या बाटलीच्या निम्म्याच्या खालीच ठेवा, वर अल्कोहोल भरपूर, आणि दुसऱ्या दिवशी एकदा बदला कारण माश्यांच्या अंगातलं पाणी सुटून ते पातळ होतं. प्रत्येक सापळ्याची बाटली वेगळी, एकत्र करू नका.

देवगडकर

बरं. बाटलीवर तारीख मार्करने लिहू?

पंचगंगा

मार्कर नको काका, अल्कोहोल सांडलं की पुसला जातो. जाड कागदाच्या तुकड्यावर शिसपेन्सिलने तारीख, सापळा नंबर आणि झाडाची जात लिहा आणि तो कागद बाटलीच्या आतच टाका.

देवगडकर

चालेल. झाडं सगळी हापूसच आहेत, फक्त विहिरीकडच्या दोन पायरी. त्यांच्या बाटल्या वेगळ्या करतो. पोरी, कोणत्या दिवशी येतेस ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

गुणसूत्र_वेडी

केला काका.